तुळजाक्काचा डावा पाय

आमच्या खटकचिंचोळीत लाथ खायला माणसं पहाटे रांग लावायची, असं मी बीदरला आमच्या बस डेपोच्या ऑफिसात सांगितलं की लोक हसायचे. मी म्हणायचो, हसा. ज्या दिवशी कंबर धरेल त्या दिवशी माझ्याच टेबलापुढं वाकडे येऊन उभे राहाल आणि गाडी किती वाजता आहे ते विचाराल. तसे दोघेतिघे आलेही होते. आता मी हे सांगत नाही. आता कुणाला पाठवायचं आणि कुणाकडं?

तुळजाक्का आमची शेजारीण, भिंतीला भिंत. ती पायाळू होती, म्हणजे जन्माला येताना डोक्याऐवजी तिचे पाय आधी बाहेर आले होते. अशा माणसाचा पाय पाठीला लागला की भरलेली उसण उतरते ही आमच्याकडची जुनी समजूत. खरी का खोटी, यावर मी वाद घालत नाही. वाकडा आलेला माणूस सरळ होऊन गेलेला मी पाहिला आहे आणि वाकडा आलेला वाकडाच परत गेलेलाही पाहिला आहे. वाकडा गेला तर अक्का त्याला मागून हाक मारून सांगायची, "आरं, तुझी उसण न्हाई ही. दुसरंच कायतरी हाय. दवाखान्यात दाखीव जा."

तिचे नियम कडक होते. लाथ सूर्य उगवायच्या आत, उंबऱ्यावर, बाशा तोंडानं, म्हणजे काही खाण्यापिण्याआधी. डाव्या पायाची, आणि तीनदाच. गरोदर बाईला नाही, पोरासोरांना नाही, झाडावरून किंवा गाडीवरून पडलेल्याला तर मुळीच नाही. "हाडाचं काम दवाखान्याचं. मी मांसाची मालकीन हाय," असं ती म्हणायची. बदल्यात काही घ्यायची नाही, सुपारीसुद्धा नाही. घेतलं की गुण जातो. आणि समोरचा वयानं मोठा असला तर लाथ घालून झाल्यावर ती लगेच वाकून त्याच्या पाया पडायची. आधी लाथ, मग नमस्कार. आम्हा पोरांना या क्रमाची फार गंमत वाटायची.

दिसायला अक्का उंच, काळीसावळी, सुपाएवढ्या पावलांची. घराणं मूळचं मेंढरांमागं फिरणारं. नवरा लवकर गेला, मेंढरं विकली, मग थोडं रान आणि बाकी दुसऱ्याच्या रानातली खुरपणी. बसताना डावा पाय नेहमी मांडीखाली दाबून बसायची, चुकून कुणाला लागू नये म्हणून. फुकट लागलेला पाय वाया जातो म्हणे. गल्लीतलं कुठलंही भांडण ती एका प्रश्नानं मिटवायची, "घालू का?" एवढं विचारून ती नुसता पदर खोचायची. भांडणारे हसायचे, आणि हसल्यावर भांडण कुठलं टिकतंय.

माझे वडील, अप्पा, किराणा दुकान चालवायचे. बाईमाणसाची लाथ खायची हे त्यांना मंजूर नव्हतं. एकदा गुळाची ढेप उचलताना त्यांच्या कमरेत अशी काही उसण भरली की माणूस विळ्यासारखा वाकला. बाम झाला, विटेचा शेक झाला, भालकीच्या डॉक्टरचं इंजेक्शन झालं. शेवटी एका पहाटे ते आमच्या परसातून गुपचूप अक्काच्या मागल्या दाराशी गेले. ती चुलीपुढं होती. तिनं मानही वळवली नाही.

"पुढच्या दारानं या, अप्पा. मी चोराला लाथ घालत न्हाई."

अप्पा वाकलेले, तसेच भर गल्लीतून वळसा घालून पुढच्या दारी आले. उंबऱ्यावर ओणवे झाले. तीन लाथा झाल्या. तिसरीला कडकन आवाज आला आणि अप्पा 'आई गं' म्हणत सरळ उभे राहिले. अक्का रिवाजाप्रमाणे वाकून पाया पडली. आणि अप्पांच्या तोंडून, वर्षानुवर्षांच्या सवयीनं, निघून गेलं, "अखंड सौभाग्यवती भव."

अक्काचा नवरा जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. अप्पांचा चेहरा पांढरा पडला. अक्कानं पदर तोंडाला लावला, खांदे हलले. आम्हाला वाटलं रडतेय. ती हसत होती.

"आता बोलालाव तर मग आनून द्या की त्याला वरून खाली," ती म्हणाली. त्या दिवसापासून अप्पा तिला दुकानातलं सामान आधी द्यायचे, मग बाकीच्या गिऱ्हाइकाला.

एकदा तर तिनं चालती बस थांबवली होती. म्हणजे तिनं नाही, ड्रायव्हरनं. हुमनाबादहून येताना रस्त्यातच त्याची कंबर धरली. आरशात त्याला अक्का दिसली. गाडी बाजूला घेऊन तो तिच्या सीटपाशी आला आणि म्हणाला, "अक्का, सोंटा हिडदद री." कंबर धरलीय हो, असं. अक्कानं खिडकीतून बघितलं, सूर्य बराच वर आला होता, तिनं चहाही घेतलेला होता. सगळेच नियम मोडत होते. "गुण यील का न्हाई सांगत न्हाई," तिनं बजावलं आणि गाडीच्या पायरीवर त्याला ओणवा केला. उतारू खिडक्यांतून माना काढून बघत होते. ड्रायव्हरचं झाल्यावर एक म्हातारा उतारूही पाठ पुढं करून आला. "आलाव तर घेऊनच जातो," म्हणाला.

तर अशी ही बाई. कुणाला म्हणजे कुणाला न भिणारी. फक्त वीज सोडून.

पायाळू माणसावर वीज पडते, वीज त्याला हुडकत येते, ही त्याच समजुतीची दुसरी बाजू. परतीच्या पावसात सोयाबीनच्या गंजी झाकायला सगळं गाव रानात धावायचं आणि अक्का घरात, दार लावून, तिच्या वडिलांच्या काळ्या घोंगडीत शिरून बसायची. डोकं उघडं असलं तरी चालायचं. पाय मात्र पुरते झाकलेले. मी लहानपणी विचारलं होतं, अक्का, डोकं झाकायचं सोडून पाय कामून झाकायलीस?

"तोंड तिला म्हाईत न्हाई रं. पाय दिसले की ती वळखती."

तिचं दुसरं दुखणं असं की आपली लाथ आपल्या पाठीला पोचत नाही. गावाची उसण उतरवणाऱ्या बाईची उसण कोण उतरवणार? म्हणून तिनं काय करावं? मुलाच्या, मारुतीच्या लग्नाचं बघायला लागली तेव्हा मुलगी काळी का गोरी, शिकलेली का अडाणी, काही विचारलं नाही. मुलगी पायाळू आहे का, एवढंच विचारत ती गावोगाव फिरली. हुलसूरला एक सापडली, रुक्मिण. लग्नात सगळ्या बायकांना थट्टेला विषय मिळाला. सासवा सुनांना लाथा घालतात, ही सुनेची लाथ खायला सून आणायलीय! अक्का म्हणाली, "हुंड्यात पाय घेतलाव मी. तुमाला काय करायचंय?"

पण रुक्मिणीनं सासूला पाय लावला नाही. चारचौघात 'आत्या, आत्या' करणारी, हळू बोलणारी पोरगी. आल्यागेल्याला लाथ घालायला ती अक्काकडून शिकली, उंबऱ्यावर दोघींची आलटून पालटून पाळी लागायची. मात्र अक्काची पाठ भरली की ही नुसतं तेल चोळायची. "देवाला कुनी पाय लावतंय का?" एवढंच म्हणायची. अक्का तिला शिव्या घालायची आणि मनातून खूश व्हायची, हे आम्हाला भिंतीपलीकडून कळायचं.

दोनेक वर्षांमागं अक्काच्या छातीत गाठ निघाली. बीदरला ऑपरेशन झालं, औषधपाणी झालं, केस गेले, परत आले. दाखवायला येत जा असं सांगितलं होतं. काही वेळा ती आमच्या बीदरच्या घरी उतरून दाखवून गेली, मग यायची थांबली. बरं वाटतंय तर कशाला, असं तिचं म्हणणं. गाठ छातीत होती, ती काढून टाकली, विषय संपला. तिची पाठ दुखायला लागली तेव्हा त्या गाठीची आठवण कुणालाच आली नाही. मलाही नाही. छाती कुठं आणि पाठ कुठं.

पाठ दुखत होती ती रात्रंदिवस. निजलं की जास्त. ही उसण नव्हे हे दुसऱ्या कुणाच्या बाबतीत तिनं उंबऱ्यावरूनच ओळखलं असतं आणि मागून हाक मारून दवाखान्यात धाडलं असतं. स्वतःच्या पाठीमागून हाक मारायला कुणी नव्हतं. ती म्हणाली, उसणच. आणि रुक्मिणीला म्हणाली, "आजवर तुजं ऐकलं. आता माजं ऐक. घाल."

रुक्मिण रडली. मारुतीनं समजावलं. आईचं दुखणं बघवत नव्हतं त्याला. शेवटी एका पहाटे अक्का उंबऱ्यावर ओणवी झाली. रुक्मिणीनं आधी तिच्या पायावर डोकं ठेवलं, मग पाय उचलला. पहिली लाथ, दुसरी. मारुती सांगतो, लाथ कसली, पाय नुसता टेकवला होता. तिसऱ्या वेळी अक्का ओरडली. तशी ती कधी ओरडली नव्हती. संध्याकाळपर्यंत तिच्या पायांना मुंग्या आल्या, दुसऱ्या दिवशी उठायला गेली ती खाली बसली. पाय आहेत, पण तिचे नाहीत.

गावाला काय, पिठाच्या गिरणीत बसून बोलायला विषय पाहिजे. सुनेनं लाथ घालून सासू मोडली.

मारुतीनं मला फोन केला. बीदरला एमआरआय झाला आणि तिथून त्यांनी कलबुर्गीला धाडलं. मी रजा टाकून बरोबर गेलो. रुक्मिण गाडीत अक्काचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. खड्डा आला की दोघी एकदमच डोळे मिटायच्या.

तिथल्या डॉक्टरीणबाई शांत होत्या, कन्नड-हिंदी मिसळून सावकाश बोलणाऱ्या. त्यांनी फोटो उजेडावर धरून दाखवला. छातीतला आजार पाठीच्या मणक्यात उतरला होता, मणका आतून पोखरून खचला होता आणि मज्जारज्जू, म्हणजे पायांकडं जाणारी मुख्य शीर, त्याखाली दाबली जात होती. ऑपरेशन करून दाब काढायला हवा, मणका सळ्या घालून धरायला हवा. पण छातीत कफ साठलेला, रक्त कमी, आज भूल दिली तर टेबलावरून ती परत येईल याची खात्री नव्हती. आणि शीर तर थांबायला तयार नाही. म्हणून आधी किरण द्यायचे, गाठ जरा दबते का बघायचं, तोवर छाती आणि रक्त सावरायचं, मग कापायचं.

"एक गोष्ट आधीच सांगते," बाई म्हणाल्या. "किरण दिलेली कातडी कमजोर होते. तिथं कापलं की जखम लवकर भरत नाही, उघडूही शकते. जमलं असतं तर मी आधी ऑपरेशनच केलं असतं. दोन्हीकडून धोका आहे, आणि थांबलं तर सगळ्यात जास्त."

मारुतीनं माझ्याकडं बघितलं. मी काय सांगणार? मला बसचं वेळापत्रक कळतं. अक्कानं बाकी काही विचारलं नाही. "उभी ऱ्हाईन का?"

"आशा आहे. शब्द देत नाही."

मग मारुतीनं दाराशी जाऊन, हळू आवाजात, तो प्रश्न विचारला. बाई म्हणाल्या, "लाथेनं काहीच झालं नाही असं मी म्हणणार नाही. पण हाड आधीच पोकळ होतं. लाथ नसती तर खोकल्यानं खचलं असतं, आज नाही तर पुढच्या आठवड्यात." मागं रुक्मिण उभी होती. तिनं यातलं पहिलंच वाक्य ऐकलं. दुसरं आम्ही तिला पुन्हा पुन्हा सांगितलं, अक्कानं सांगितलं, डॉक्टरीणबाईंनीही सांगितलं. ती मान हलवायची. पहिलं वाक्य काही तिच्या कानातून निघालं नाही.

त्या दिवशी दुपारी रुक्मिण पाणी आणायला गेली तेव्हा अक्का मला म्हणाली, "दत्त्या, मला जगायचं म्हनून न्हाई. मी जगले बख्खळ. मला एकदा चावडीपुढनं चालत जायचंय. समद्यांनी बघावं. एकदा चालले की ती पोरगी सुटली. मग मी त्याच रस्त्यानं गेले तरी चालतंय." हे सगळं ती छताकडं बघत बोलली. मला तिच्या पायाशी उभं राहवेना, मी डोक्याकडं जाऊन बसलो.

आणि मग तिला कळलं की किरण म्हणजे विजेच्या यंत्रातून येतात.

एवढे दिवस धीरानं पडलेली बाई एकदम पोरासारखी थरथरायला लागली. मारुतीचा दंड धरून म्हणाली, "आरं, पायाळूवर वीज सोडायलाव व्हय रं तुमी? जलमभर लपले तिच्यापासून. आता हातपाय बांधून तिच्यापुढं टाकालाव?" ही आकाशातली वीज नव्हे, हे मी समजावलं. ती म्हणाली, "वीज ती वीज. तिला काय घरचं-दारचं कळतंय?" पहिल्या दिवशी यंत्राच्या दारातून ती परत आली. स्ट्रेचर वळवायला लावलं तिनं. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, एक दिवस गेला. त्यांचं ते म्हणणं मला शिवीपेक्षा लागलं.

रुक्मिणीला उपाय सुचला. तिनं मारुतीला गावाकडं धाडून ती काळी घोंगडी मागवली. यंत्राजवळ काम करणारी मुलगी औरादकडची होती, मराठीत निम्मं तेलुगू बोलणारी. रुक्मिणीनं तिला विचारलं, किरण पाठीला द्यायचेत ना? मग पाय झाकले तर चालतील का? मुलीनं घोंगडीचा वास घेतला, नाक मुरडलं, आत जाऊन विचारून आली. चालतील म्हणाली. पाठीवर जिथं शाईच्या खुणा केल्यात तिथं मात्र काही येता कामा नये.

अक्काला उताणी निजवली. पाय घोंगडीत, पुरते गुंडाळलेले. तिनं डोळे मिटले आणि म्हणाली, "ये बाई. लई वर्षं हुडकालतीस. घे." आम्ही बाहेर आलो, जाड दार लागलं. काही वेळानं ती बाहेर आली तेव्हा तोंडावर घाम आणि ओठांवर पुसटसं हसू होतं.

"मी वरून यील म्हनून बघालते," ती म्हणाली, "आन् ती तर खालनं आली. फिरून, पाठीखालनं. लई हुशार हाय."

मग रोज घोंगडी, रोज वीज. पाठीवरची चौकोनी जागा काळवंडली, सोलल्यासारखी झाली. अन्न घशाखाली उतरेना. पण एके सकाळी रुक्मिण तिचे पाय पुसत होती, आणि डाव्या पायाचा अंगठा हलला. रुक्मिणीनं ओरडून सगळा वॉर्ड गोळा केला. अक्का मान उचलून बघायला धडपडत होती, दिसत नव्हतं. "हलला का? खरं सांग. हललाय का?" परत सांगितल्यावर परत हलला. समोरच्या खाटेवरचा सेडमचा म्हातारा टाळ्या वाजवायला लागला. मी बीदरहून फोनवर हे ऐकलं आणि ऑफिसात सगळ्यांना पेढे दिले. कशाचे ते मात्र सांगितलं नाही.

छाती सावरली, रक्त चढलं. थोडे आठवडे जाऊ देऊन ऑपरेशन झालं. मणक्याला सळ्या बसल्या. ऑपरेशन चांगलं झालं, हे खोटं नाही. पट्टा बांधून, वॉकर धरून, अक्का उभी राहिली. मी होतो तिथं. उंच बाई, खाटेवर इतके दिवस आडवी बघून आम्ही तिची उंची विसरलो होतो. पाय लटपटत होते, रुक्मिणीनं मागून कंबर धरली होती, पण उभी होती.

"शूटिंग काढ," ती मारुतीला म्हणाली. "चिंचोळीला धाड. समद्यांना धाड."

मारुतीनं मोबाईलवर काढलं आणि धाडलं. गावातून संध्याकाळी उत्तर आलं. त्यात रुक्मिणीचे हात दिसत होते ना. धरून उभी केलीय, म्हणाले. बाहुलीसारखी.

अक्कानं ते ऐकलं. "बरं," म्हणाली. "गावात येऊनच चालते. तिथं कुनी धरनार न्हाई."

जखम उघडली ती त्यानंतर. आधी टाक्यांतून पाणी झिरपलं, मग एक एक टाका सुटत गेला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तसंच. किरणांनी शिजलेली कातडी धागा धरेना, कुजलेल्या पोत्याला दाभण घालावं तसं झालं. परत आत नेलं, धुतलं, परत टाके घातले, परत सुटले. ताप चढला. त्या तापात पाय पुन्हा गेले, आधी उजवा, मग डावा. अंगठा हलायचा थांबला त्या दिवशी रुक्मिण सांगायला आली नाही. अक्का विचारायची, हलला का? ती म्हणायची, जरासा. मग अक्कानं विचारायचं सोडलं.

एकदा मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, आधी कापलं असतं तर? "मीही रोज तेच विचारते," म्हणाल्या. तिथून मी खाली येऊन पायऱ्यांवर बसलो आणि रडलो, सांगायला लाज नाही. शेवटी त्यांनीच सांगितलं, घरी न्या. जखम रोज धुवा, कुशीवर ठेवा, दुखलं तर हे औषध. गाडी चिंचोळीत शिरली ती चावडीपुढूनच, रस्ता तो एकच. अक्कानं गाडीच्या काचेवरचा पडदा ओढून घ्यायला लावला.

तिला शेवटचं बघितलं ते त्यानंतर काही दिवसांनी. सुट्टीला गावी गेलो होतो. सकाळची वेळ, उन्हं नुकती उंबऱ्यावर येत होती. अक्का बाजेवर डाव्या कुशीवर, अंगात काही उरलेलं नाही, पावलं मात्र तेवढीच मोठी. खोलीत औषधाचा आणि त्याखाली जखमेचा वास. घोंगडी पायांवर होती. आकाश निरभ्र होतं, तरीही.

दारात एक म्हातारा आला. लांबच्या कुठल्याशा वाडीचा, वाकून अर्धा झालेला, काठीवर भार. पहाटे निघालो, पोचायला उशीर झाला म्हणाला. त्याला काहीच माहीत नव्हतं. "तुळजाक्काचं घर हेच न्हवं? उसण भरलीय माय. बसवंना का उठवंना."

रुक्मिण पुढं होऊन त्याला हळूच सांगायला लागली, बाबा, आता इथं कुनी—

"कोन हाय गं?" आतून आवाज आला. तेवढा आवाज कुठून आणला कोण जाणे. "आत घे त्याला. पडलाव-बिडलाव का बाबा? न्हाई? मग उसणच. रुक्मिणे, घाल."

रुक्मिण जागेवरून हलली नाही. "न्हाई जमत आत्या. पाय उचलतच न्हाई माजा."

म्हातारा काठीवर तसाच वाकलेला. अक्का म्हणाली, "मग माजा उचल."

आम्हाला वाटलं भ्रमात बोलतेय. पण ती सांगत गेली. घोंगडी काढ. बाबाला बाजेकडं पाठ करून खाली बसीव. आता माजा डावा धर. रुक्मिणीनं दोन्ही हातांनी तो पाय उचलला. किती जड होता ते तिच्या मानेच्या शिरांवरून दिसत होतं. बाजेच्या कडेवरून खाली आणून तिनं तो म्हाताऱ्याच्या पाठीला टेकवला. एकदा. दोनदा. तीनदा.

"लागला का रं बाबा?" अक्का विचारत होती. "मला काय कळंना झालंय. लागला का न्हाई सांग."

"लागला माय," म्हातारा म्हणाला. तो काठी धरून उठला, थोडा सरळ झालाही असेल, मी बघितलं नाही. मी अक्काकडं बघत होतो.

"मोठा मानूस हाय. पाया पड त्यांच्या, माज्या बदली," ती म्हणाली. रुक्मिणीनं पाय सोडला नाही, तशीच बसल्या जागी मान वाकवून तिनं म्हाताऱ्याला नमस्कार केला. म्हाताऱ्याला कोणता आशीर्वाद द्यावा ते सुचेना. तो नुसता हात वर करून उभा राहिला आणि मग गेला.

"बगितलीस?" अक्का हळू म्हणाली. "पाय असाच लागत असतो गं. तुजा बी एवढाच लागला हुता. मला कळलंय, माजी पाठ हाय. गिरनीतल्यांना काय कळतंय?"

रुक्मिण बाजेच्या पायथ्याशी जमिनीवर बसली होती, तो पाय मांडीवर घेऊन. माझ्या गाडीची वेळ झाली होती. मी उठलो, अक्काच्या डोक्यावरून हात फिरवला, येतो म्हणालो. तिनं डोळे मिटले होते.

उंबरा ओलांडताना मागून तिचा आवाज आला, "रुक्मिणे, पाय ठिवलास का गं खाली? झाक त्याला."

मी वळून बघितलं. पाय तिच्या मांडीवरच होता, दोन्ही हातांनी घट्ट धरलेला, आणि त्यावर तिनं गाल टेकवला होता.

"ठिवला आत्या," ती म्हणाली. "झाकला."